पेढीवरून कौन्सिलात

आमच्या घराण्यात सराफी तीन पिढ्यांची. आजोबा नागपूरहून रायपूरला आले ते कारागीर म्हणून, आणि पुढे सदर बाजारात त्यांनी स्वतःची छोटी पेढी टाकली. लग्नाचे दागिने घडवायला येणाऱ्यांपेक्षा ठेवायला येणारी माणसे आमच्याकडे जास्त. पावसाळ्याच्या तोंडावर आरंग-धमतरीकडचा शेतकरी बियाण्यासाठी बायकोचा सुता, ऐंठी, करधन तारण ठेवून जायचा आणि धान विकले की सोडवून न्यायचा. सराफाची किंमत त्याच्या स्वतःच्या सोन्यावरून करू नये, लोकांनी त्याच्या तिजोरीत काय ठेवले आहे त्यावरून करावी, असे आजोबा वडिलांना सांगत आणि वडील मला.

जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे मुंबईचे नाना शंकरशेट, यांच्याविषयी वाचताना मी पहिल्यांदा थबकलो तो याच मुद्द्यावर. मुंबईत येणारे अरब आणि अफगाण व्यापारी आपली रोकड नि जवाहीर बँकेत ठेवण्यापेक्षा नानांकडे ठेवणे पसंत करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भाषा परकी, धर्म परका, देश परका, आणि तरी तिजोरी नानांची. सराफाच्या मुलाला यापुढे त्यांच्या मोठेपणाचा वेगळा दाखला लागत नाही. पुस्तकांत मात्र त्यांची ओळख बहुतेक वेळा दुसऱ्याच टोकाकडून करून दिली जाते: मुंबई कायदेकौन्सिलाचे पहिल्या तुकडीतले हिंदी सभासद. ही ओळख खरी आहे. पण कौन्सिलातला त्यांचा काळ अगदी थोडा आणि आयुष्याच्या अखेरचा. त्याआधीची चाळीस वर्षे समजून घेतल्याशिवाय त्या खुर्चीचा अर्थ लागत नाही, म्हणून हा लेख.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा. घराणे दैवज्ञ ब्राह्मणांचे, मूळ आडनाव मुरकुटे, कोकणातून मुंबईत आलेले. आजोबा गणबाशेट. फोर्टातल्या ज्या गल्लीला इंग्रजांनी गनबो स्ट्रीट म्हटले, ती त्यांच्याच नावाची. वडील शंकरशेट जवाहिराच्या आणि सावकारीच्या धंद्यात गबर झालेले. ते 1822 मध्ये गेले, तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती पेढी, जमीनजुमला आणि देणेकऱ्यांच्या वह्या! हे ओझे काय असते ते धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. वडील गेले की पहिल्या महिन्यात ठेवीदार पैसे काढायला येतात, कर्जदार तोंड चुकवतात आणि मुनीम नव्या मालकाचा अंदाज घेत बसतात. नानांनी पेढी टिकवली आणि वाढवली. गिरगाव, ताडदेव, ग्रँट रोड या भागात त्यांच्या जमिनी होत्या आणि शहर वाढत गेले तशा त्या सोन्याच्या होत गेल्या.

त्याच वर्षी, 1822 मध्ये, मुंबईत हिंदी मुलांच्या शिक्षणासाठी एक मंडळी उभी राहिली. तिचे पुढचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता आणि तिच्या कामात नाना लहान वयातच ओढले गेले. 1827 मध्ये एल्फिन्स्टन परत निघाले तेव्हा त्यांच्या नावाने शिक्षणासाठी निधी जमवायचे ठरले आणि तो दोन लाखांच्या वर गेला. त्यातूनच पुढे एल्फिन्स्टनच्या नावाचे विद्यालय आणि कॉलेज उभे राहिले. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी ही माणसे त्या विद्यालयाची. वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरणे हे काम किती मानहानीचे असते, ते आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. मागणाऱ्याची पत असेल तरच देणाऱ्याचा हात सैल होतो, आणि नानांच्या पेढीची पत या कामाच्या पाठीशी उभी होती.

1840 मध्ये सरकारने शिक्षणमंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. नाना त्याचे सभासद झाले आणि ते मंडळ संपेपर्यंत राहिले. इथला एक प्रसंग मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात सर्वांत मोलाचा वाटतो. मंडळाचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच व्हावे, असा त्यांचा आग्रह. 1847 च्या सुमाराला वाद पेटला. कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली आणि तिन्ही हिंदी सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले: नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मकबा. एक मराठी, एक पारशी, एक कोकणी मुसलमान. नानांचे म्हणणे सरळ होते. इंग्रजी थोड्यांना येईल, त्यांनी ती जरूर शिकावी, पण ज्ञान सगळ्या लोकांपर्यंत न्यायचे तर ते त्यांच्याच भाषेतून न्यावे लागेल. समोर हायकोर्टाच्या तोडीचा न्यायाधीश आणि आपण एक सराफ, हा विचार करून ते गप्प बसले नाहीत. आपले मत त्यांनी लेखी नोंदवले.

मी रायपूरचा मराठी माणूस आहे. माझी नातवंडे शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी आणि छत्तीसगढी बोलतात. मराठी उरली आहे ती देवघरात आणि आजीच्या रागावण्यात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका सराफाने या प्रश्नावर न्यायमूर्तीशी वाद घातला होता, हे त्यांना कळावे अशी माझी फार इच्छा आहे.

मुलींच्या शाळेच्या बाबतीतही नाना असेच ठाम राहिले. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये सभा काढली आणि पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा शाळेला जागा द्यायला कोणी तयार होईना. नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. शहरातल्या सनातन्यांचा रोष ओढवून घेणे त्यांना परवडणारे होते का? व्यापाऱ्याला कोणाचाच रोष परवडत नसतो. त्यांनी तरीही दिली. ग्रँट रोडचे नाटकघर 1846 मध्ये त्यांच्याच जमिनीवर उभे राहिले आणि 1853 मध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांची मंडळी मुंबईत आली तेव्हा त्यांचा खेळ तिथे झाला. सोनापूरचे स्मशान शहराबाहेर हलवायचा बेत सरकारने केला, तेव्हा लोकांच्या वतीने तो हाणून पाडणारेही नानाच.

आता रेल्वे. ही गोष्ट थेट आमच्या दारापर्यंत येते. 1845 मध्ये मुंबईत आगगाडी काढण्यासाठी जी व्यापारी मंडळी एकत्र आली, तिच्यात जमशेटजी जीजीभाई आणि नाना हे दोन ठळक हिंदी गृहस्थ होते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस मैल. नाना त्या गाडीत बसले होते. हीच लोहवाट 1867 मध्ये नागपूरला पोचली. पुढे नागपूर-छत्तीसगढ रेल्वे म्हणून अरुंद रुळांची गाडी राजनांदगावपर्यंत आली. मग बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रूळ रुंद केले आणि 1888 मध्ये रायपूरला गाडी आली. तोवर इथले धान बैलांच्या तांड्यांवर जात असे. लमाणांचे तांडे येत, धान नेत आणि मीठ आणत. गाडी आल्यावर छत्तीसगढचा तांदूळ मुंबई-कलकत्त्याच्या बाजारभावाला बांधला गेला. त्याने काहींचे भले झाले. दुष्काळात धान बाहेर गेल्याने काहींचे फार वाईटही झाले. पण आमच्या आजोबांसारखी माणसे नागपूरहून इकडे आली ती याच गाडीने.

1852 च्या 26 ऑगस्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या दिवाणखान्यात बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. जमशेटजी मानाचे अध्यक्ष, कारभाराचे अध्यक्ष नाना, चिटणीस डॉ. भाऊ दाजी आणि विनायक जगन्नाथजी. इथे जरा थांबायला हवे, कारण दहा वर्षांनी मिळालेल्या खुर्चीचे मूळ इथे आहे. 1853 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत संपत होती. पार्लमेंट नवी व्यवस्था ठरवणार होते. असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज धाडला. कारभार खर्चिक आहे, गव्हर्नर आणि त्याच्या मंडळाला इथल्या लोकांची माहिती नाही, वरच्या जागांवर हिंदी माणसांना वाव नाही, आणि कायदे करणाऱ्या मंडळात इथले जबाबदार लोक घ्यावेत, अशी त्यात मागणी होती. अर्ज अदबीचा होता. पण मागणी होती राज्यकारभारात वाटा देण्याची, आणि ती करणाऱ्यांत बहुतेक लोक व्यापारी होते. ज्यांच्या मालावर जकात बसते, त्यांना ती ठरवणाऱ्या खोलीत बसायचे होते.

पार्लमेंटने काय दिले? 1853 च्या कायद्याने कलकत्त्याला बारा जणांचे कायदेमंडळ आले. बाराही इंग्रज.

मग 1857 आले. आमच्या रायपुरात त्या वर्षीची आठवण जयस्तंभ चौकात उभी आहे. आदल्या वर्षीच्या दुष्काळात सोनाखानच्या नारायणसिंहांनी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून भुकेल्यांना वाटले आणि 10 डिसेंबर 1857 रोजी इंग्रजांनी त्यांना रायपुरात जाहीरपणे मारले. मी व्यापाऱ्याच्या कुळातला आहे आणि तरी सांगतो, त्या गोष्टीत न्याय नारायणसिंहांच्या बाजूने होता. त्याच वर्षी मुंबईत नानांवरही बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेतला गेला. चौकशी झाली, काही निष्पन्न झाले नाही. पण विचार करा: पस्तीस वर्षे शाळा, रेल्वे, दवाखाने यांसाठी सरकारच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस एका अफवेने संशयित ठरतो. परक्या राज्यात हिंदी माणसाची पत किती पातळ असते ते तेव्हा नानांना कळलेच असणार.

1857 च्या धक्क्यानंतर सरकारला शहाणपण सुचले. लोकांच्या मनात काय चालले आहे ते सांगणारे कोणी कौन्सिलात नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आले. 1861 च्या इंडियन कौन्सिल्स कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांना कायदे करण्याचा अधिकार परत मिळाला. गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात कायद्याच्या कामापुरते ॲडव्होकेट जनरल आणि आणखी चार ते आठ सभासद घ्यायचे, त्यांतले निदान निम्मे बिनसरकारी, नेमणूक दोन वर्षांची. निवडणूक नाही, सारे गव्हर्नरने नेमलेले.

22 जानेवारी 1862 रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली या कौन्सिलाची पहिली बैठक भरली. हिंदी सभासद चार: नाना शंकरशेट, जमशेटजींचे चिरंजीव रुस्तमजी, सावनूरचे नवाब आणि विंचूरचे सरदार. दोघे व्यापारी, दोघे जहागीरदार. नानांचे वय तेव्हा साठीला टेकलेले.

त्या खुर्चीत काय करता येत होते, हे नीट पाहिले पाहिजे. समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलायचे, एवढेच. सरकारला प्रश्न विचारता येत नव्हता. अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हते. कर, सैन्य, धर्म असल्या विषयांवर विधेयक आणायचे तर आधी परवानगी. मंजूर झालेल्या कायद्याला गव्हर्नरची संमती हवी आणि वर गव्हर्नर जनरलचीही. कामकाज सगळे इंग्रजीत. पंधरा वर्षांपूर्वी देशी भाषेसाठी भांडलेल्या माणसाला आता स्वतः इंग्रजी कागदांत बसावे लागले. त्या काळात कौन्सिलापुढे आलेले विषय मात्र लहान नव्हते. 1863 मध्ये इनामांच्या झटपट निकालाचे दोन कायदे झाले आणि इनामांच्या हक्कांची छाननी करणाऱ्या इनाम कमिशनने पोळलेल्या शेकडो मराठी घराण्यांचे भवितव्य त्यांवर ठरले. 1865 मध्ये मुंबई नगरपालिकेचा कायदा झाला. शहराचा कारभार एका कमिशनरच्या हाती गेला आणि आर्थर क्रॉफर्ड त्या जागेवर आले.

नानांची कौन्सिलातली भाषणे कोणी पाठ करीत नाही, आणि त्यात मला वावगे वाटत नाही. त्यांचा पिंड सभागृह गाजवणाऱ्याचा नव्हताच. वर्गणी गोळा करणे, जागा देणे, हिशेब तपासणे, विरोध लेखी नोंदवणे, ही त्यांची रीत, आणि ती त्यांनी खुर्चीबाहेरही चालू ठेवली. 19 नोव्हेंबर 1862 रोजी नवे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी भायखळ्याच्या संग्रहालयाची पायाभरणी केली. आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्या कामातही भाऊ दाजींबरोबर नाना होते.

मुंबई तेव्हा वेडी झाली होती. अमेरिकेत यादवी युद्ध, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव. समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर, बँका, वायदे! एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि 1 जुलै 1865 ला वायद्यांचा दिवस उजाडला तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीला, 31 जुलै 1865 रोजी, नाना गेले. कौन्सिलाच्या पहिल्या बैठकीनंतर अवघ्या साडेतीन वर्षांनी. अरबांच्या थैल्या सांभाळणाऱ्या त्या जुन्या पद्धतीच्या सराफाची मुंबईही त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात संपली, असे मी समजतो.

आता रायपूरकडे येतो. मध्य प्रांताची स्थापना झाली नोव्हेंबर 1861 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी कौन्सिलांचा कायदा झाला त्याच वर्षी. भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले होते आणि नागपूरबरोबर रायपूरही कंपनीकडे गेले होते. पण मुंबईला जे 1862 मध्ये मिळाले, ते मध्य प्रांताला मिळाले 1914 मध्ये. बावन्न वर्षे आमच्याकडे नेमलेला सभासदसुद्धा बसेल असे कौन्सिल नव्हते. त्या पोकळीत काम केले ते खुर्ची नसलेल्या माणसांनी. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी 1900 मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि त्याची जबाबदारी पत्करली रायपूरच्या वामनराव लाखे यांनी. हेच वामनराव पुढे इथल्या सहकारी पतपेढ्यांच्या चळवळीचे आधार झाले. सावकाराच्या दारात तारण ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दुसरे दार मिळावे, म्हणून. सराफ असूनही मला त्यांचा अभिमान वाटतो. मराठी माणसांनी हिंदीत मासिक काढले, कारण इथल्या लोकांची लिहिण्यावाचण्याची भाषा ती होती. नानांनी पेरींना जे सांगितले, तेच यांनी करून दाखवले.

छत्तीसगढ राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले आणि नव्वद आमदारांच्या विधानसभेची पहिली बैठक रायपुरात, राजकुमार कॉलेजच्या आवारात भरली. तेव्हापासून तिकिटाच्या मोसमात बाजारात चर्चा असते की यंदा अमुक राइसमिलवाला उभा राहणार, तमुक सराफ उभा राहणार. व्यापाऱ्याने आमदार होऊ नये, असे मी म्हणणार नाही. नानांचे उदाहरण समोर असताना तसे म्हणता येणारच नाही. पण क्रम पाहावा. नानांनी आधी शाळेला जागा दिली, कॉलेजला पैसा उभा केला, भाषेसाठी न्यायमूर्तीशी भांडण घेतले, स्मशान वाचवले, पार्लमेंटला अर्ज लिहिला आणि मग साठीत त्यांना बोलावणे आले. आमच्याकडे पुष्कळांचा क्रम उलटा आहे. आधी खुर्ची, आणि शाळेचे आश्वासन जाहीरनाम्यात.

नानांचे शिक्षणाचे काम त्यांच्या पश्चातही थांबले नाही. त्यांच्या घराण्याने मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ठेवली. 1912 मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. तेच देशमुख पुढे आय.सी.एस. होऊन आमच्या मध्य प्रांतात जमीन महसुलाच्या कामावर आले आणि 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले.

रायपूरचे आपण लोक हावडा मेलने मुंबईला जातो, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो आणि पोरांना गेट वे दाखवून परततो. त्याच स्टेशनापासून टाउन हॉल पायी जाण्याच्या अंतरावर आहे. 1862 ची ती बैठक तिथे भरली आणि नानांचा संगमरवरी पुतळाही तिथेच आहे. पुढच्या खेपेला पोरांना घेऊन तिथे जा आणि हा माणूस आमदार होण्याआधी कोण होता, ते त्यांना सांगा.